‘म’चे शब्द

१७ जानेवारी, शुक्रवार

मंजुळा काल गेली. दुपारी कंपाउंडच्या भिंतीपाशी उभी राहून शेजारच्या सरिताताईंशी बोलत होती. “थांब, मी यांना विचारते,” म्हणाली आणि खाली बसली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मला काय विचारायचं होतं ते सरिताताईंना माहीत नाही. मलाही नाही.

संध्याकाळी पांझरा नदीच्या काठी सगळं आटोपलं. फॅक्टरीत लागल्यापासून रोजनिशी लिहितो. आज अक्षर लागत नाही.

१९ जानेवारी, रविवार

सकाळपासून दारावर माणसं येताहेत. जो येतो तो विचारतो, कसं काय झालं? मी तोंड उघडतो. शब्द येत नाही. मग समोरचा माणूस खाली सतरंजीकडे बघतो आणि मीही बघतो.

लहानपणापासून अडखळतो. बाकी अक्षरं कशीबशी निघतात, पण क, प आणि म दार लावूनच बसतात. वरणगावच्या फॅक्टरीत मला तपासणीचं काम होतं, तिथे डोळे लागत, तोंड लागत नसे. बाकी सगळीकडे मंजुळा बोलायची. बँकेत, रेशनच्या दुकानात, प्रेमराजच्या शाळेत. कुणी मला काही विचारलं की, “त्यासले काय इचारतस, माले इचारा,” म्हणत पुढे व्हायची. धीर म्हणून नव्हता बाईला. आता ती कशी गेली हे लोक विचारतात, आणि सांगायला तीच नाही.

तेराव्याची गंधमुक्ती पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी, अठ्ठावीसला. मांडव घालायचा, नातेवाईक, भाऊबंद, फॅक्टरीची जुनी माणसं येणार, जेवणाआधी तीन जण तिच्याबद्दल बोलणार. हे माझ्या मुलानं, प्रेमराजनं, आणि मंजुळेच्या थोरल्या भावानं, अभिमननानांनी ठरवलं. नाना शिंदखेड्याकडच्या आमच्या सासरवाडीचे माजी सरपंच. माइक दिसला की त्यांचा आवाज आपोआप बदलतो. बोलणाऱ्यांत ते स्वतः, एक माजी सभापती आणि महिला मंडळाच्या कोणी बाई.

‘म’शी झगडून मी कसंबसं म्हणालो, “मी ब...”

“बसतस? बसा बसा,” नाना म्हणाले आणि माझ्या पाठीमागे लोड सरकवला.

मला म्हणायचं होतं, मी बोलणार. शेवटी पेपरच्या कडेला तेवढंच लिहून प्रेमराजला दिलं. त्यानं वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. “बघू आबा,” म्हणाला.

२० जानेवारी, सोमवार

माझी सून शीतल दुपारी जवळ येऊन बसली. शर्ट धुताना तिला तो पेपरचा तुकडा सापडला होता. म्हणाली, मोबाईलमध्ये एआय असतं, त्याला माहिती दिली की ते भाषण लिहून देतं, जळगावला आमच्या ऑफिसात सगळे वापरतात. माझ्या फोनवर घालून दिलं आणि मराठी टाइप कसं करायचं तेही दाखवलं.

मी एका बोटानं लिहिलं. पत्नी वारली. गंधमुक्तीला बोलायचं आहे. नाव मंजुळा कौतिक पाटील, वय बासष्ट, मुलगा एक.

चष्मा पुसेपर्यंत भाषण तयार. फार सुंदर होतं. त्यातली बाई पहाटे उठून तुळशीला पाणी घालत होती, मितभाषी होती, सोशिक होती, आणि तिच्या चेहऱ्यावर सदैव मंद हास्य होतं. आमच्याकडे तुळस दोनदा लावली, दोन्हीदा वाळली. मंजुळा मितभाषी हे वाचून मला हसू आलं. ती गेल्यापासून पहिल्यांदा. मग लाज वाटली.

मी लिहिलं, ही ती नाही. त्यानं लगेच माफी मागितली. इतक्या लवकर माफी मागणाऱ्याशी भांडता येत नाही. मंजुळेला हा प्राणी मुळीच आवडला नसता.

शीतलनं आज कपाटातल्या साड्या काढून धुतल्या. त्या धुतलेल्याच होत्या. दिवाळीपासून दोघींचा अबोला होता. कशावरून ते मला कुणी सांगितलं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

आज एआयनं भाषण दिलं नाही, प्रश्न विचारले. हे बरं झालं. त्यांची एखादी सवय सांगा. तुमची पहिली भेट कशी झाली? बोटं अडखळत नाहीत, त्यामुळे मी लिहीत सुटलो. सरिताताईंनी दिलेली खिचडी गार झाली.

पारोळ्याचं सांगितलं. लग्नाआधी पारोळ्याला आत्याकडे जायचं असलं की कंडक्टरसमोर माझा ‘प’ अडायचा. मागची माणसं ओरडायला लागायची. म्हणून मी एरंडोलचं तिकीट काढायचो आणि पारोळ्याला उतरायचो. लग्नानंतर मंजुळेच्या ते ध्यानात आलं. कंडक्टरला म्हणाली, “यासले पारोळाच जानं शे, एरंडोल कसाले जातीन?” सगळी बस हसली. मला राग आला होता. पण त्यानंतर आयुष्यात मी कधी पुढच्या गावाचं तिकीट काढलं नाही.

मुलगी बघायला गेलो तेही सांगितलं. तिच्या मामांनी मला नाव विचारलं. मी ‘क’वर अडकलो. खोलीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एवढ्यात ट्रे घेऊन उभी असलेली मुलगी म्हणाली, “कौतिक. त्यासनं नाव कौतिक शे.” मुलीनं असं बोलायचं नसतं. परत येताना काका म्हणाले, पोरगी फार बोलकी आहे, विचार करा. माझी आई म्हणाली, विचार झाला. मंजुळेनं माझं नाव घेतलं ते तेवढंच. पुढे कधीच नाही, उखाण्यातसुद्धा टाळायची.

मग त्यानं विचारलं, घरी तुम्ही दोघं कसे बोलायचात? मी खरं ते लिहिलं. घरी ती माझं वाक्य कधी पुरं करत नसे. मी अडलो की भाजी निवडत बसायची, तांदूळ बघत बसायची, वर मान करत नसे. शब्द आला की पुढचं बोलायची. मला वाटायचं, हिचं लक्षच नाही.

यावर त्यानं लगेच एक ओळ करून दिली, “त्या तुमच्या शब्दाची शांतपणे वाट पाहत असत.” ती मी काढून टाकायला लावली. मंजुळा आणि वाट बघणं! बसला पाच मिनिटं उशीर झाला की ती कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. माहीत नसलेलं लिहू नये.

२२ जानेवारी, बुधवार

जेवण गेलं नाही. एआयला लिहिलं, मंजुळा आता असती तर मला काय म्हणाली असती ते तिच्या तोंडून लिही.

त्यानं आधी म्हटलं की हे केवळ कल्पनेतलं असेल. मग लिहिलं. सुरुवात होती “प्रिय कौतिकराव”.

फोन कपाटात ठेवला.

२३ जानेवारी, गुरुवार

चूक माझी, मीच मागितलं होतं. फोन बाहेर काढला. मंगळवार जवळ येतो आहे.

आज सरळ कामाचं बोललो. मला अडखळायला होतं हे त्याला पहिल्यांदा सांगितलं. लिहिलं, क, प आणि म यांनी सुरू होणारे शब्द भाषणातून काढून टाक. त्यानं कुरकूर न करता काढले. हे त्याला छान येतं. वाचलं तर अडायला कुठे जागाच नव्हती. ‘अर्धांगिनी’ आली, ‘सहचारिणी’ आली, ‘दिवंगत आत्मा’ आला. दार लावून वाचून पाहिलं, झरझर वाचता आलं. एवढं सलग मी जन्मात बोललो नव्हतो.

पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं. त्यात मंजुळा नव्हती. ‘माझी’ नव्हतं. ‘मी’सुद्धा नव्हतो. तिन्ही शब्द ‘म’चेच. ते काढले तर उरतं काय? कुणा दुसऱ्याच बाईची शोकसभा.

त्याला लिहिलं, ‘म’चे सगळे शब्द परत घाल. त्यानं घातले आणि वर एक सल्ला दिला. सुरुवातीलाच लोकांना सांगून टाका की तुम्हाला बोलायला वेळ लागतो. एकदा सांगितलं की लपवायचं ओझं राहत नाही.

हा सल्ला आवडला नाही. सगळ्या भाऊबंदांत स्वतःच्या तोंडानं सांगायचं? त्यांना काय माहीत नाही? मग वाटलं, माहीत आहे, पण माझ्याकडून कुणी ऐकलेलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार

प्रेमराजला शीतलनं सांगितलं असणार. चहा झाल्यावर तो फोन घेऊन बसला. म्हणाला, आबा, भाषण चांगलं झालंय, आपण असं करू, फोनलाच वाचायला लावू. तुम्ही शेजारी उभे राहा. आवाजही निवडता येतो. त्यानं लावून दाखवलं. आकाशवाणीवर बातम्या देणाऱ्या माणसासारखा आवाज. “माझी मंजुळा,” तो माणूस म्हणाला. एकदाही न अडता म्हणाला.

मी हात पुढे करून बंद केलं.

“आबा, माणसं हसतील,” प्रेमराज म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. “तुम्हाला हसलेलं मला बघवत नाही. शाळेत असल्यापासून नाही बघवत.”

मला त्याला पुष्कळ सांगायचं होतं. “नाही,” एवढंच म्हणालो. ‘न’ सोपा आहे.

तेवढ्यात नाना आले आणि दोघं दुसऱ्याच विषयावर बोलायला लागले. कार्यक्रम झाला की मला जळगावला न्यायचं. प्रेमराजच्या फ्लॅटमध्ये एक खोली मोकळी आहे. हे घर भाड्यानं द्यायचं, नानांच्या ओळखीत एक प्राध्यापक आहेत. एकटा माणूस, आजारीबिजारी पडला तर फोनवर कुणाला सांगणार, असं नाना म्हणाले. मी त्यांच्या मधोमध बसलो होतो. चांगल्या मनानंच बोलत होते दोघं. मंजुळा असती तर एका वाक्यात उडवून लावलं असतं. मी तिच्या खुर्चीकडे बघितलं. तिच्यावर नानांची टोपी ठेवलेली होती.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी गच्चीवर सराव. शाळेच्या कवायतीचा बँड ऐकू येत होता, त्याचा आधार झाला.

आज एआयशी टाइप न करता तोंडानं बोलून पाहिलं. तशीही सोय आहे. “मंजुळा” म्हणायला गेलो, ‘म’वर अडलो, आणि मी गप्प आहे असं समजून त्यानं उत्तर द्यायला सुरुवात केली. पुन्हा केलं, पुन्हा मध्येच बोलला. मला वाटलं यालाही मंजुळेसारखाच धीर नाही. मग वाटलं, नाही, मंजुळा घरी असं करत नसे. फोन खिशात घातला आणि टाकीकडे तोंड करून बोललो.

दुसरी गोष्ट. हे सगळं पुस्तकातल्या मराठीत आहे. मंजुळा घरात अहिराणी बोलायची आणि मीही. त्याला म्हटलं अहिराणीत कर. त्यानं प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘शे’, म्हणजे ‘आहे’, लावून दिलं. “मंजुळाबाई चांगली होती शे.” आमच्या गल्लीत कुणी असं बोललं तर त्याला आधी सावलीत बसवून पाणी देतील. त्याला बिचाऱ्याला ही भाषा कुणी शिकवलीच नसणार. मी आभार मानले आणि सांगितलं, आता पुढचं मी बघतो. त्यानं शुभेच्छा दिल्या.

गच्चीवरून उतरताना जिन्यात प्रेमराज उभा होता. पाण्याची टाकी भरली का बघायला आलो, म्हणाला. टाकी बघायला वर गेला नाही.

२७ जानेवारी, सोमवार

भाषण कागदावर लिहिलं नाही. कागदावर शब्द आधीच दिसतो आणि लांबूनच घाबरवतो. तीन गोष्टी ठरवल्या आहेत. मामांनी नाव विचारलं ते, पारोळ्याचं, आणि तिसरी शीतलची.

तिसरी अशी. दिवाळीनंतर मंजुळा सरिताताईंना सांगत होती, आमच्या सुनेनं मला तोंडावर सुनावलं, एवढी हिंमत माझ्या घरात दुसऱ्या कुणात नाही. रागानं सांगत होती, पण दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा हसत होती. मी अंगणात सायकल पुसत होतो. शीतलला विचारलं, हे बोलू का? ती आत गेली. बऱ्याच वेळानं आली आणि म्हणाली, बोला.

२९ जानेवारी, बुधवार

कालचं आज लिहितो.

मांडव भरला होता. वरणगावहून फॅक्टरीचे लोक जीप करून आले. सभापती आधी बोलले, त्यांना दुसरीकडे जायचं होतं. त्यांच्या भाषणातली बाई सोशिक आणि मितभाषी होती. महिला मंडळाच्या बाईंनी दोन मिनिटांत आटोपलं. नाना चांगले बोलले. “मन्ही बहीण वाघीण व्हती,” म्हणाले आणि खरोखर रडले.

मग प्रेमराजनं माइक हातात घेतला. मला वाटलं, संपलं म्हणतो की काय. तो म्हणाला, “आता आबा बोलतील.” आणि माइक माझ्या हातात देऊन खाली बसला.

मी म्हणायला गेलो, माले बोलाले टाईम लागस. पहिलाच शब्द ‘म’चा. अडला. माइकमधून नुसता माझा श्वास बाहेर जात होता. पुढच्या रांगेत नानांचे ओठ हलले, ते शब्द पुरवायला उठणार एवढ्यात प्रेमराजनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. नाना बसून राहिले. कुणी बोललं नाही. आचाऱ्याचा झारासुद्धा थांबला. घरात मंजुळा तांदूळ निवडत असायची तेव्हा जसं असायचं, तसं झालं.

“माले बोलाले टाईम लागस,” मी म्हणालो. “तुमी थांबा.”

आणि लोक थांबले. नाव विचारल्याचं सांगितलं. पारोळ्याचं सांगताना सगळे हसले. मला नाही, मंजुळेच्या बोलण्याला हसले, आणि मीही हसलो. शीतलची गोष्ट सांगितली तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. प्रेमराज तिच्याकडे बघत राहिला, त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

‘मंजुळा’ हा शब्द शेवटी ठेवला होता. तो सर्वांत जास्त अडला. डोळे मिटले, मान वाकडी झाली, लोकांना कसं दिसलं असेल ते दिसो. म्हटलं, आज हा शब्द घेतल्याशिवाय खाली बसायचं नाही.

“मंजुळानी मन्हं नाव एकच डाव लिधं,” मी म्हणालो. “आज मी तिन्हं लिधं.”

नमस्कार करून बसलो. टाळ्या वाजवायचा प्रसंग नव्हता आणि कुणी वाजवल्याही नाहीत. जेवताना फॅक्टरीचा एक जुना सोबती शेजारी येऊन बसला. म्हणाला, एवढी वर्षं एका पाळीत काम केलं पाटील, तुमचा आवाज आज कळला.

३१ जानेवारी, शुक्रवार

सकाळी प्रेमराजनं माझी बॅग भरली. नाना प्राध्यापकांचा निरोप घेऊन आले, ते रविवारी घर बघायला येणार. शीतल डबे रिकामे करत होती.

मी मधल्या खोलीत उभा राहिलो आणि म्हणालो, “मी...”

नाना बोलायला लागले आणि थांबले. प्रेमराजनं बॅगेची चेन सोडली. पलंगाच्या कडेला बसला.

“सांगा आबा,” म्हणाला.

“मी इथंच राहणार.”

याला किती वेळ लागला ते बघितलं नाही. कारणंही सांगितली, एकेक करून. औषधाचं दुकान कोपऱ्यावर आहे. सरिताताई भिंतीपलीकडे आहेत. महिन्यातून चार दिवस जळगावला येईन. फॅक्टरीच्या मित्रांकडे वरणगावला जाईन, तिकीट माझं मी काढीन. नाना म्हणाले, दाजी, पण रात्री-बेरात्री काही झालं तर? मी म्हणालो, “फोन करीन.”

“तुम्ही फोनवर बोलत नाही आबा,” प्रेमराज म्हणाला. हे खरं आहे. आमच्या घरी फोन मंजुळाच घ्यायची.

“बोलेन. तू धर फक्त. ठेवू नको.”

त्यानं बॅगेतले कपडे काढून पुन्हा कपाटात लावले. तो लावत असताना शीतलनं सगळे डबे परत भरले आणि कशात काय आहे ते मला दाखवलं. नानांनी प्राध्यापकांना फोन करून नाही म्हणून कळवलं. थोडे रागावलेले आहेत, पण जाताना माझे दोन्ही हात धरले.

दुपारी गाडी गेली. घर फार मोठं वाटलं. थोडा वेळ काहीच केलं नाही. मग पातेलं घासलं, पीठ काढलं.

संध्याकाळी फोन वाजला. स्क्रीनवर प्रेमराजचं नाव. उचलला. विचारायचं होतं ते ‘प’पासून सुरू होणारं. अडलं. पलीकडून आधी रस्त्याचा आवाज येत होता, मग तोही बंद झाला, त्यानं काच वर केली असावी. “हॅलो, हॅलो” केलं नाही त्यानं.

“पोचलास का?” मी म्हणालो.

“पोचलो आबा,” तो म्हणाला. “आत्ताच.”

मग त्यानं जेवणाचं विचारलं आणि मी खोटं सांगितलं नाही. भाकरी तव्यावर टाकताना तुटली. तुकडे भाजून दुधात कुस्करून खाल्ले. पीठ बहुतेक घट्ट मळलं गेलं. उद्या पाणी थोडं जास्त घालून बघतो.